दुनियेच्या कपाटातला तुकडा

धाकटे फादर एकसष्ट वर्षांचे होते. गुडघे कुरकुरत होते, डोक्यावर नावापुरते केस उरले होते, तरी ते धाकटेच. कारण मोठे फादर अजून होते. थोरला हयात आहे तोवर धाकट्याला बढती नाही, हा नियम जसा घरात चालतो तसा विद्येतही चालतो.

दोघंही धर्मगुरू. दोघांचंही आयुष्य गेलं ते एका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, हातात चिमटा आणि डोळ्याला भिंग लावून. त्या खोलीत पपायरसचे तुकडे होते. पाणथळीत उगवणाऱ्या एका उंच लव्हाळ्याच्या देठाच्या पातळ पट्ट्या काढायच्या, एक थर आडवा आणि एक उभा ठेवून ठोकायचा, वाळवायचा, की झाला जुन्या लोकांचा कागद. असे लिहिलेले कागद वाळवंटाकाठच्या गावांनी शेकडो वर्षांपूर्वी उकिरड्यावर फेकले, वाळूने ते जपले, आणि पुढे कोणा उत्साही माणसांनी उकरून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून इथे आणून टाकले. अख्खं पान औषधालाही नाही. नखाएवढे, तिकिटाएवढे, फार तर तळहाताएवढे तुकडे, आणि त्यांवर ग्रीक अक्षरं, कुठे चार, कुठे दहा. तेवढ्यावरून हा कुठल्या शुभवर्तमानाचा, कुठल्या स्तोत्राचा तुकडा ते ओळखायचं. शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात. या दोघांना शितावरून शेत कुणाचं ते सांगावं लागे.

खोलीत दोन कपाटं होती. मोठ्या फादरांनी उमेदीच्या काळात त्यांचं बारसं करून टाकलं होतं: एक देवाचं, एक दुनियेचं. देवाच्या कपाटात बायबलातले तुकडे, प्रार्थना, प्रवचनं. दुनियेच्या कपाटात शेताचे करार, गाढवाच्या विक्रीचे कागद, 'आई, मी बरा आहे, तू कशी आहेस' अशा थाटाची पत्रं, आणि कशाशीच न जुळणारे अनाथ तुकडे. डब्यातून तुकडा निघाला की मोठे फादर तो भिंगाखाली धरत, क्षणभर ओठ हलवत आणि सांगत, "देवाचा." किंवा, "दुनियेचा." एकदा निकाल लागला की लागला. त्यावर अपील नव्हतं. देवाच्या कपाटाला कुलूप असे. दुनियेच्या कपाटाला कडीसुद्धा नीट बसत नसे.

देवाच्या कपाटातला सगळ्यात मानाचा तुकडा मोठ्या फादरांनी स्वतः शोधलेला होता. तळहाताच्या निम्मा, अक्षर सुबक, सरावाच्या हाताचं. त्यावर एका स्तोत्राच्या ओळी होत्या, रात्रीच्या भयाला आणि दिवसा सुटणाऱ्या बाणाला न भिणाऱ्या माणसाच्या. फादर लोक रोज रात्री झोपण्यापूर्वी म्हणतात तेच स्तोत्र. पण 'दिवसा' या शब्दापाशी गंमत होती. त्यापुढे जी ओळ यायला हवी ती तिथे नव्हतीच. तिथे होतं दिवसाचं ऊन आणि रात्रीचा चंद्र, म्हणजे चांगली तीस स्तोत्रं पलीकडच्या, भलत्याच स्तोत्राची ओळ. मुंबईला जायला निघालेला माणूस मध्येच नागपूरला उतरावा, असा प्रकार.

मोठ्या फादरांनी यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, हा एका हरवलेल्या, फार जुन्या स्तोत्रसंग्रहाचा तुकडा आहे. त्यात ही दोन स्तोत्रं एकच होती. पुढे कोणीतरी त्यांची फाळणी केली. विद्वानांच्या सभेत कोणीतरी उठून म्हणालं, "लिहिणारा चुकला असेल." तेव्हा मोठे फादर छाती पुढे काढून म्हणाले, "ज्याला हे स्तोत्र पाठ आहे, तो इथे चुकूच शकत नाही. मी विशीपासून रोज रात्री म्हणतो. एकदा तरी चुकलो का?" सभा हसली, टाळ्या पडल्या, आणि शंका काढणारा खाली बसला. तरुण धाकटे फादर मागच्या रांगेत होते आणि सगळ्यात मोठ्याने टाळ्या त्यांच्याच होत्या.

पाठीमागे मात्र लोक कुजबुजत राहिले. बायबलातली दीडशे स्तोत्रं पुरेनात म्हणून मोठ्या फादरांनी पदरचं एक घातलं, असा विनोद अजून चालत असे.

आता मोठे फादर नव्वदी पार करून शहराच्या दुसऱ्या टोकाला, थकलेल्या धर्मगुरूंच्या आश्रमात राहत होते. नजर पूर्ण गेली होती. खोलीतल्या तुकड्यांच्या वर्णनांचा शेवटचा खंड धाकटे फादर तयार करत होते आणि त्या तुकड्याची नोंद तेवढी बाकी होती. दर भेटीत मोठे फादर विचारत, "झाली का माझ्या तुकड्याची नोंद? ती वाचून दाखव, मग मी डोळे मिटायला मोकळा." आणि वर स्वतःच हसत. "तसे मिटलेलेच आहेत म्हणा."

धाकट्या फादरांना नोंदीत नवं काही लिहायचंच नव्हतं. गुरूने म्हटलंय तेच चार ओळींत पुन्हा म्हणायचं आणि खंड बंद करायचा. पण खंडात छायाचित्र हवं होतं, आणि तुकडा जुन्या रिवाजाप्रमाणे पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. पुठ्ठा पिवळा पडून वाकायला लागला होता. तेव्हा तो सोडवण्यासाठी काचवाल्या बाईंकडे गेला.

काचवाल्या बाई म्हणजे तुकडे दुरुस्त करून दोन काचांमध्ये बसवणाऱ्या तज्ज्ञ. हात सोनाराचा, तोंड मात्र फटकळ. ओलसर टिपकागद ठेवून, डिंक मऊ होण्याची वाट पाहत, त्या पातळ सुरीने पुठ्ठा केसाकेसाने सोडवत होत्या.

"पूर्वीच्या लोकांना डिंक फुकट मिळत असावा," त्या म्हणाल्या. "एवढा डिंक तर मी लग्नपत्रिकांच्या पाकिटांनाही लावला नव्हता. फादर, इकडे या. तुमच्या स्तोत्राची पाठ बघा. चाळीस वर्षांत कोणी पाहिली नसेल."

धाकटे फादर वाकले. पाठ कोरी होती.

खरं तर इथेच त्यांना शंका आली, पण त्यांनी ती गिळली. जुने ख्रिस्ती लोक पवित्र ग्रंथ बांधीव पुस्तकांत लिहीत, पानाच्या दोन्ही बाजूंना. पुस्तकाच्या पानाची मागची बाजू कोरी कशी? मग त्यांनी स्वतःचं समाधान केलं: गुंडाळी असेल. गुंडाळीला मागे लिहीत नसत. क्वचित का होईना, तशीही स्तोत्रं सापडतात.

"गुंडाळी दिसतेय," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाल तसं," बाई म्हणाल्या. हे त्या ज्या सुरात म्हणत, त्याचा अर्थ नेहमी उलटा असे.

फादरांनी भिंग लावलं. आजवर त्यांनी या तुकड्यावर फक्त अक्षरं पाहिली होती. अक्षरांची सवय लागलेल्या माणसाला कागद दिसत नाही. आज मागून पाहताना कागद दिसला. उभे तंतू, त्यातला एक काळपट, दोऱ्यासारखा उठून दिसणारा. आणि किड्याने पाडलेली भोकं. तीन. पहिलं मोठं, दुसरं त्याहून लहान, तिसरं आणखी लहान, आणि तिघांचा आकार एकच, एका बाजूला चोच काढलेल्या थेंबासारखा. फक्त मधल्या भोकाची चोच उलट्या बाजूला होती.

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. गुंडाळीतून किडा गेला तर भोकांचं तोंड एकाच दिशेला राहतं आणि त्यांच्यातलं अंतर वेढ्यागणिक वाढत जातं. इथे अंतर सारखं होतं, आणि आरशात पाहावं तसं एक भोक सुलटं, एक उलटं. म्हणजे किडा आत शिरला तेव्हा कागद घड्या घालून ठेवलेला होता. स्तोत्रसंग्रहाच्या कोण घड्या घालतं?

"बाई, चौथं भोक कुठेय?"

"मला काय विचारता? किड्याला विचारा."

"तिसरं भोकही आरपार आहे. किडा पुढे गेलाय. म्हणजे पुढची घडी होती. म्हणजे या तुकड्याला खाली जोडणारा अजून एक तुकडा आहे, आणि त्यावर याच आकाराचं, याहून लहान, चोच उलटी असलेलं भोक आहे."

बाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. कुतूहलाची लागण सर्दीसारखी होते. जवळ बसलेल्याला चुकत नाही.

मग सुरू झाला भोकाचा शोध. जन्मभर अक्षरांच्या मागे लागलेला विद्वान आता एक भोक हुडकत हिंडतोय, हे कळल्यावर ग्रंथालयातले लोक चहाच्या वेळी हसू लागले. फादरांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी देवाचं कपाट एकेक खण करून उपसलं. दिवस गेले, हाती काही लागेना. तुकड्यांवर भोकं ढिगाने होती. सरळ, वाकडी, लांबट, गोल. चोचीचं एकही नव्हतं.

खरं सांगायचं तर ते मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकायला लागले होते. तुकडाच सापडला नाही, तर नोंद जुनीच चालेल. गुरूही सुखी, चेलाही सुखी.

"दुसरं कपाट राहिलं," बाई म्हणाल्या.

"तिथे कसा असेल? तो प्रार्थनेचा तुकडा आहे."

"तुम्हाला माहीत आहे तो प्रार्थनेचा आहे. तुकड्याला कुठे माहीत आहे?"

दुनियेचं कपाट उघडायला किल्ली लागली नाही, ओढायला मात्र दोघं लागले. आत मोठ्या फादरांच्या वळणदार अक्षरातली पाकिटं होती: 'भाडेकरार', 'बियाणं', 'घरगुती पत्रं', 'घरगुती पत्रं, किरकोळ', 'अगदीच किरकोळ'. धाकट्या फादरांनी इतकी वर्षं या कपाटाला फक्त पाठ टेकली होती. आता एकेक तुकडा उचलताना त्यांना ओशाळल्यासारखं झालं. कोणी बहिणीला खडसावत होतं, कोणी धाग्याचा रंग चुकला म्हणून रागावलं होतं. शेजारी राहूनही आपण या लोकांना कधी कसं काय म्हणून विचारलं नाही, असं त्यांना वाटलं.

तुकडा 'घरगुती पत्रं, किरकोळ' मध्ये निघाला. त्यावर अक्षरं थोडीच होती. 'सांभाळ' असा एक शब्द. मग घडीवर झिजून गेलेली जागा. मग 'जिला जन्म दिला' आणि त्यापुढे कुणा बाईच्या नावाचं नुसतं शेपूट. मोठ्या फादरांनी तो पाहिला असेल, मनात म्हटलं असेल, कोणीतरी कोणाला तरी लेकीला सांभाळ म्हणून लिहितंय, आणि सांगितलं असेल, "दुनियेचा." खालच्या कडेला, चोच उलटी काढून, चौथं भोक बसलं होतं.

फादरांनी दोन्ही तुकडे चिमट्याने काचेवर पालथे ठेवले आणि हळूहळू जवळ सरकवले. वरच्या तुकड्यातला काळपट तंतू खालच्या तुकड्यात शिरला आणि सरळ पुढे चालू लागला. बाईंनी वरून दुसरी काच ठेवली आणि डोळे पुसले, आणि मग डिंकाला शिव्या दिल्या.

आता सगळं उघड होतं. हे पुस्तक नव्हतं. हा ताईत होता. कुणा मुलीच्या गळ्यात बांधायचा, घड्या घालून नखाएवढा केलेला. भय, बाण, ऊन, चांदणं यांपासून रक्षणाच्या ओळी, आणि शेवटी, ताइतांच्या रिवाजाप्रमाणे, मुलीचं नाव आणि तिला जन्म देणाऱ्या आईचं नाव. मुलीचं नाव नेमकं घडीवर आलं होतं आणि गेलं होतं.

"मग स्तोत्र का चुकलं?" फादर स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "अक्षर तर बघा. हा काही अडाणी हात नाही. पुस्तक समोर असतं तर असं कधीच झालं नसतं."

"समोर नसेल. पाठ असेल. लहानपणी मी पाढे म्हणायचे ना, तर बाराच्या पाढ्यात बाहत्तर आलं की माझी गाडी अठराच्या पाढ्यात घुसायची, तिथेही बाहत्तर म्हणून. शाळेतल्या बाई हातावर छडी द्यायच्या. माझ्या भावाला मात्र कधी छडी बसली नाही."

"का? तो हुशार होता?"

"हुशार कसला! त्याला अठराचा पाढा येतच नव्हता. जाणार कुठे?"

फादर हसले, आणि हसता हसता थांबले. ज्याला एकच स्तोत्र पाठ आहे तो कुठे चुकणार? बघून उतरवणाराही असा चुकत नाही. 'दिवसा' या शब्दावर वाट सोडायची तर दोन्ही वाटा पायाखालच्या हव्यात. म्हणजे लिहिणाऱ्याला ही दोन्ही स्तोत्रं तोंडपाठ होती. अख्खं स्तोत्रांचं पुस्तकच पाठ असेल. आणि वय झालं असेल. पाठ असलेलं पुसट व्हायला लागलं की शब्द शब्दांत मिसळतात.

'ज्याला पाठ आहे, तो इथे चुकूच शकत नाही.' सभेतलं ते वाक्य त्यांना आठवलं. त्या वाक्यावर अख्खं पुस्तक उभं होतं. आणि ते नेमकं उलटं होतं.

त्या संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा ताईने भाजी निवडता निवडता वर पाहिलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाचं घर सांभाळत होती आणि भावालाही.

"चेहरा का असा? तुकडा हरवला की काय?"

"सापडला."

"मग सुतक कशाचं?"

त्यांनी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे म्हाताऱ्याचं अख्खं पुस्तक पाण्यात?" ते म्हणाले, "हो." मग ती बराच वेळ देठ खुडत राहिली.

"त्यांना सांगायलाच हवं असं आहे का, ताई? नोंद मी खरीच लिहीन. पण खंड छापून यायला वर्ष लागेल. तोवर ते..." "त्यांना दिसत तर नाही. मी जुनीच नोंद वाचून दाखवली तर काय बिघडलं?"

"काही नाही बिघडत. आंधळ्याला फसवण्याइतकं सोपं काम दुसरं नाही." ताईने टोपली बाजूला सारली. "सांगायचं नसेल तर जाऊच नकोस. जायचं असेल तर सांगून ये. जाऊन खोटं वाचून आलास तर माझ्या हातचं जेवू नकोस."

ताईचं हे असं असे. सल्ला मागावा आणि शिक्षा मिळावी.

त्यांनी नोंद लिहिली. चारच ओळी, पण पुन्हा पुन्हा लिहिल्या. मग एक साधा कागद घेऊन तो जोडलेल्या तुकड्यांच्या मापाने कापला, आणि मुळात होत्या तिथेच घड्या घातल्या. अंगठ्याच्या नखाएवढी पुडी झाली. ती खिशात टाकून ते आश्रमात गेले. गेटपाशी त्यांनी पक्कं ठरवलं की सांगायचं. जिना चढताना पक्कं ठरवलं की सांगायचं नाही.

मोठे फादर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मावळतीचं ऊन तोंडावर घेत होते. दिसत नसलं तरी ऊन कळतं. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"आलास धाकट्या? नोंद आणलीस?"

"कच्ची आहे अजून, फादर."

"लबाडा, कच्चं काम घेऊन तू या दारात कधी पाय ठेवला नाहीस. बस. आधी प्रार्थना, मग पपायरस. मी म्हणतो, तू ऐक. डोळे गेल्यापासून मी ऐकणारा माणूसच शोधत असतो. हल्ली मला लवकर झोपवतात, म्हणून रात्रीचं स्तोत्र मी सांजेलाच उरकतो."

त्यांनी हात जोडले. आवाज बारीक झाला होता पण चढउतार तेच होते, व्याख्यानातले. देवाच्या आसऱ्याला राहणाऱ्या माणसाबद्दल ते म्हणत गेले. फासेपारध्याचं जाळं झालं, पंखांची सावली झाली. धाकटे फादर ऐकत होते आणि खिशातली पुडी बोटांत फिरवत होते.

"रात्रीच्या भयाला तू भिणार नाहीस," मोठे फादर म्हणत होते, "ना त्या बाणाला जो सुटतो दिवसा... दिवसा ऊन तुला बाधणार नाही, ना रात्री चंद्र. तो तुला सगळ्या वाइटापासून राखील, तुझं जाणं आणि तुझं येणं..."

आवाज थांबला. बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं, तेवढाच आवाज राहिला.

"धाकट्या," मोठे फादर हळूच म्हणाले, "मी कुठून निघालो होतो?"

"बाणापासून, फादर."

"आणि कुठे पोचलो?"

मोठ्या फादरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सत्तर वर्षांची वाट पायाखालून निघून गेलेल्या माणसाला भीती वाटणारच. त्यांना वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. त्यांचा हात हवेत काहीतरी चाचपत होता. धाकट्या फादरांनी तो धरला.

"हे आजच झालं, की आधीही होत होतं आणि तू बोलला नाहीस?"

"आजच. पहिल्यांदाच."

हळूहळू मोठ्या फादरांच्या कपाळावरची आठी बदलत गेली. ती भीतीची होती, ती विचाराची झाली. ही आठी धाकट्या फादरांनी तरुणपणापासून भिंगाच्या वर पाहिलेली होती.

"पुठ्ठा काढला का रे?"

"काढला."

"पाठ?"

"कोरी आहे."

"घड्या?"

"आहेत. भोकं उलटसुलट आहेत. खालचा तुकडाही मिळाला, फादर. तंतू जुळतात. त्यावर 'सांभाळ' आहे, आणि 'जिला जन्म दिला'. मुलीचं नाव घडीत गेलं."

"कुठे मिळाला?"

"दुनियेच्या कपाटात."

"पाकिटावर अक्षर कुणाचं?"

"तुमचं."

मोठे फादर हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग खोकला लागला आणि पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर डोळे पुसत ते म्हणाले, "म्हणजे मीच उचलला आणि मीच ठेवला. चाळीस वर्षं मी ते पुस्तक शोधत होतो रे. रोज वाटायचं, उद्या एखादं पान मिळेल." आणि मग हसू ओसरलं. "पुस्तक नव्हतंच."

"नव्हतं, फादर."

"नोंद वाच."

धाकट्या फादरांनी कागद काढला. माप, तंतूंची दिशा, घड्या, भोकं वाचली. शेवटची ओळ त्यांनी सावकाश वाचली. "'लिहिणाऱ्याला दोन्ही स्तोत्रं तोंडपाठ होती.'"

"चुकला, असं नाही लिहिलंस?"

"नाही."

मोठे फादर मान खाली घालून बसले. "बरं लिहिलंस," ते म्हणाले. मग विचारलं, "घडी घातल्यावर केवढा व्हायचा तो?"

धाकट्या फादरांनी खिशातली पुडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हाताऱ्या बोटांनी ती चाचपली, कडा मोजल्या, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"एवढीशी," मोठे फादर म्हणाले. "पोर लहान असणार. आजारी असेल. म्हाताऱ्याला उठवलं असेल, की लिहून द्या काहीतरी. पुस्तक धुंडाळायला वेळ कुणाला? आठवलं तसं लिहिलं." त्यांचा अंगठा पुडीवरून फिरला. "वाचली असेल का रे ती?"

"कळायला मार्ग नाही. पण पहिल्या घड्या फार झिजल्यात. पुष्कळ वर्षं गळ्यात राहिला असावा."

मोठ्या फादरांनी मूठ मिटली. तशीच छातीशी धरली आणि स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी सावकाश. जाळं आलं, पंख आले, रात्रीचं भय आलं, बाण आला. 'दिवसा' या शब्दापाशी ते थांबले. धाकटे फादर त्यांच्याकडे पाहत होते. खरी पुढची ओळ म्हाताऱ्याला आता आठवत होती, हे त्यांना चेहऱ्यावरून कळलं.

"दिवसा ऊन तुला बाधणार नाही," मोठे फादर मुद्दाम म्हणाले, आणि धाकट्या फादरांनी त्यांच्या आवाजात आवाज मिसळला, "ना रात्री चंद्र."